काढून टाकलेली टेबलस्पेस रिकव्हरीत परत का दिसते?

बेळगाव-खानापूर पट्ट्यात पतसंस्थांचे सर्व्हर सांभाळायचे म्हटलं की क्रॅश रिकव्हरी, म्हणजे अचानक बंद पडलेला डेटाबेस पुन्हा उभा करणं, मुद्दाम शिकावी लागत नाही. जून लागला, लाईट गेली, यूपीएसनेही मान टाकली, की पोस्टग्रेस हा डेटाबेस सकाळी वॉल (WAL), म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथे नोंदला जातो तो लॉग, वाचत बसतो. पतसंस्थेतून फोन करून विचारतात, "सर, फोल्डर सापडत नाही म्हणतंय, नवीन करून देऊ?" थांबा. आधी पुढचं वाचा. टेबलस्पेस म्हणजे डेटाबेसच्या फाइली मुख्य फोल्डरबाहेर ठेवायची जागा; मुख्य फोल्डरात तिच्याकडे बोट दाखवणारी फक्त लिंक असते.

रिकव्हरी सुरू होते शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवल्याच्या शेवटच्या खुणेपासून. म्हणजे लॉग जुना, डिस्क मात्र पुढे गेलेली. लॉग म्हणतो, "या टेबलस्पेसमध्ये पान (डेटाचा एक ठोकळा) लिही." ती टेबलस्पेस नंतर ड्रॉप झालेली, म्हणजे काढून टाकलेली, डिस्कवर नावालाही नाही. ही चूक नसते. ड्रॉपची नोंद लॉगमध्ये पुढे येणारच असते. म्हणून पोस्टग्रेस निकाल लगेच देत नाही. लिंकच्या जागी साधं फोल्डर तात्पुरतं उभं करतो, न सापडलेली पानं टिपून ठेवतो, आणि ड्रॉपची नोंद आली की दोन्ही खोडतो. डेटा सुसंगत झाल्याचा टप्पा आला तरी काही उरलंच, तर मात्र पॅनिक, म्हणजे गंभीर चूक नोंदवून सर्व्हर बंद.

डेटाबेस तयार करण्याच्या नोंदीसाठी ही सोय २०२२ पर्यंत नव्हती. त्यामुळे स्टँडबाय, म्हणजे मुख्य सर्व्हरचा लॉग वाचत मागोमाग चालणारा राखीव सर्व्हर, तिथेच अडकून पडायचा. त्या वर्षी दुरुस्ती आली, जुन्या आवृत्त्यांनाही मिळाली. सर्व्हरची आवृत्ती विचारा म्हणतो ते यासाठीच.

लॅपटॉपवर करून बघाल तर बहुधा काहीच होणार नाही. टेबल ड्रॉप केल्यावर त्याची रिकामी फाइल पुढच्या चेकपॉइंटपर्यंत राहते. टेबलस्पेस ड्रॉप करताना ती आडवी आली की पोस्टग्रेस स्वतःच चेकपॉइंट घेतो, आणि जुन्या नोंदी पुन्हा वाचायची वेळच येत नाही. स्टँडबायचं तसं नाही. तो मागच्या रिस्टार्टपॉइंटपासून (स्टँडबायवरचा चेकपॉइंटच) पुन्हा सुरू होतो, तेव्हा हा प्रकार तिथेच जास्त भेटतो. सरावाला स्टँडबाय उभा करा.

आता ते पॅनिक. टेबलस्पेसच्या लिंका जिथे असतात त्या pg_tblspc फोल्डरमध्ये लांब यादी (ls -l) काढा. ओळीचं पहिलं अक्षर 'एल' म्हणजे लिंक, 'डी' म्हणजे साधं फोल्डर. 'डी' दिसला तर दोन शक्यता: ड्रॉपची नोंद आलीच नाही, किंवा बॅकअप उतरवताना कुणीतरी लिंकऐवजी फोल्डरच कॉपी केलं. दुसरं आमच्याकडे जास्त. तिथे 'फोल्डर काढा' हा सर्व्हरच्या चुकांच्या संदेशातला सल्ला डोळे झाकून पाळू नका, त्यात खरा डेटा असू शकतो. आधी पूर्ण कॉपी घ्या, मग सीनियरला फोन.