बेस गिटारसाठी ऑक्टेव्ह पेडल : खर्ज जोडण्याची रीत

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार, म्हणजे ई ची तार, नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये खुली छेडली तर 41.2 हर्ट्झवर कंप पावते. ऑक्टेव्ह पेडलने, म्हणजे वाजवलेल्या स्वराला खालच्या सप्तकातील स्वर जोडणाऱ्या, पायाने चालू-बंद करण्याच्या उपकरणाने, त्याच्या एक सप्तक खालचा स्वर तयार केला की तो 20.6 हर्ट्झवर येतो. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण 20 हर्ट्झ मानली जाते, आणि बहुतेक बेस कॅबिनेट (स्पीकरची खोकी) त्याच्या पुष्कळ आधीच दम सोडतात. म्हणून नवे पेडल जोडून पहिलाच स्वर खुल्या ई वर छेडणाऱ्याच्या वाट्याला दणदणीत खर्ज न येता गढूळ थरथर येते आणि दोष पेडलचा आहे, असा त्याचा समज होतो. पेडल जितके खाली उतरते, तितके वाजवणाऱ्याने फ्रेटबोर्डवर, म्हणजे गिटारच्या मानेवरील फ्रेटच्या आडव्या पट्ट्यांवर, वर चढायचे असते. या पेडलच्या वापरातील जवळजवळ सगळ्या गोष्टी या एका नियमातून निघतात.

उदाहरणार्थ, ए तारेच्या 7 व्या फ्रेटवर जो ई मिळतो तो 82.4 हर्ट्झचा असतो. त्याच्या एक सप्तक खाली बरोबर 41.2 हर्ट्झ येतात, म्हणजे खुल्या ई तारेइतकाच खोल स्वर मिळतो आणि त्यावर मूळ स्वराची स्पष्ट धार टिकून राहते. त्याच तारेच्या 5 व्या फ्रेटवरच्या डी खाली 36.7 हर्ट्झचा स्वर तयार होतो, जो चार तारांच्या बेसवर ट्यूनिंग न बदलता एरवी मिळतच नाही. माझ्या मते इथेच थांबावे. याहून खालचे स्वर पेडल बंद करून वाजवलेले अधिक भरीव वाटतात. पेडलमध्ये दोन सप्तके खालचा आवाज देणारा नॉब असेल, तर त्याचा उपयोग आणखी वर होतो. जी तारेच्या 12 व्या फ्रेटवरचा स्वर 196 हर्ट्झचा असल्यामुळे दोन सप्तके उतरूनही तो 49 हर्ट्झवर, म्हणजे ऐकू येण्याजोग्या जागी राहतो.

जुन्या पद्धतीची ॲनालॉग पेडले हे कसे करतात, हे ठाऊक असले की त्यांचे रुसणेही समजते. आत येणारी लाट किती वेळा शून्य ओलांडते, हे सर्किट पाहते आणि दर दोन कंपनांमागे एकच कंपन बाहेर सोडते; वारंवारिता निम्मी झाली की स्वर एक सप्तक खाली येतो. बॉस कंपनीचे 1982 साली आलेले ओसी-2 हे याच घराण्यातले असून त्याचे उत्पादन 2003 पर्यंत चालू होते, आणि बेसवादक पिनो पॅलाडिनो यांच्या फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या) बेसच्या 1980 च्या दशकातील आवाजात त्याचा वाटा मोठा आहे. असे सर्किट एका वेळी एकच स्वर ओळखू शकते. दोन तारा एकत्र वाजल्या, किंवा आधीची तार बोटाने नीट न थांबवल्यामुळे मागे गुणगुणत राहिली, तर कोणते कंपन मोजायचे हे त्याला कळत नाही आणि आवाज गुळण्या केल्यासारखा फुटतो. जाड तारांवर आणखी एक अडचण असते. तेथे दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट वारंवारितेचा उपस्वर, कधी कधी मूळ स्वरापेक्षाही बलवान असतो, सर्किट त्यालाच मूळ स्वर समजते आणि तयार झालेला खर्ज मध्येच एक सप्तक वर उडी मारतो. स्वर विरत जाताना हे हमखास घडते.

यावर पहिला उपाय हातात आहे. छेडणारा हात ब्रिजपासून (तारा जेथे टेकतात त्या खालच्या टोकापासून) दूर, मानेच्या बाजूला न्यावा, कारण तेथे मूळ स्वर अधिक ठळक मिळतो. दोन पिकअप (तारांची कंपने पकडणारे भाग) असतील तर मानेकडचा निवडावा आणि गिटारवरचा टोन नॉब बराचसा बंद करावा. न वाजणाऱ्या तारा दोन्ही हातांच्या हलक्या स्पर्शाने गप्प ठेवाव्यात. डावखुऱ्या वादकाने हात उलट धरले तरी नियम तोच. प्रत्येक स्वर कोठे सुरू करायचा याइतकाच तो कोठे संपवायचा याचाही निर्णय घ्यावा आणि पेडल गोंधळायच्या आत बोटाने तार थांबवावी. सरावासाठी एकच चाल अगदी सावकाश वाजवून पाहावी आणि ज्या स्वरावर खर्ज अडखळतो तेथे बोटाचा दाब, छेडण्याची जागा आणि गप्प ठेवलेल्या तारा या क्रमाने तपासाव्यात. चूक बहुधा तिसऱ्या ठिकाणी सापडते.

डिजिटल पेडले, विशेषतः एकाहून अधिक स्वर सांभाळणारी, या बाबतीत बरीच सहनशील असतात. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे पॉग हे त्यातले परिचित नाव. बॉसच्या 2020 मधील ओसी-5 मध्ये तर जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती निवडता येतात. दोन तारांवरचे स्वरमेळ वाजवायचे असतील तर डिजिटलला पर्याय नाही. मात्र जुन्या पद्धतीचा जाडसर, काहीसा सिंथेसायझरसारखा आवाज हवा असेल, तर ॲनालॉगच्या मर्यादा सांभाळण्याचे कष्ट घेण्यासारखे आहेत, असे मला मनापासून वाटते.

नॉब लावताना सुरुवात कोऱ्या आवाजाने करावी. मूळ आवाजाचा नॉब अशा जागी ठेवावा की पेडल चालू-बंद केल्यावर आवाजाची पातळी सारखीच राहील, खालच्या सप्तकाचा नॉब शून्यावर असावा. मग तो हळूहळू वाढवत न्यावा आणि खर्ज वेगळा ऐकू येऊ लागला की थोडा मागे घ्यावा. पेडल बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखे वाटले, तर प्रमाण बरोबर आहे. हे प्रमाण एकट्याने बसून ठरवू नये, कारण खोलीत गोड वाटणारा खर्ज ड्रम्सच्या किकवर जाऊन बसतो आणि दोघांचाही ठोका पुसट करतो. सिंथ बेसचा आवाज हवा असेल तेव्हा मूळ आवाज पूर्ण बंद करून फक्त खालचे सप्तक ठेवावे आणि त्यानंतर एन्व्हलप फिल्टर (छेडण्याच्या जोरानुसार आवाजाचा पोत बदलणारे पेडल) जोडावा.

पेडलांच्या रांगेत ट्यूनरनंतर लगेच ऑक्टेव्ह असावे. डिस्टॉर्शन, कोरस, डिले आणि रिव्हर्ब ही आवाजाला रंग देणारी सगळी पेडले त्याच्यानंतर यावीत, कारण आधीच ढवळलेल्या लाटेतून मूळ स्वर शोधणे त्याला जड जाते. कॉम्प्रेसरबद्दल मतभेद आहेत. तो आधी ठेवला तर स्वराची पातळी अधिक काळ सारखी राहते आणि पेडल उशिरा अडखळते, हा फायदा मला मोलाचा वाटतो. परंतु तो गप्प न केलेल्या तारांची कुजबुजही वर आणतो, तेव्हा हात स्वच्छ झाल्यावरच त्याचा आधार घ्यावा.

स्पीकरची काळजी हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. आवाज तेवढाच मोठा ठेवून स्वर एक सप्तक खाली नेला, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. समोर पोर्ट (हवेसाठीचे भोक) असलेल्या कॅबिनेटमध्ये ठरावीक वारंवारितेखाली हवेचा आधारही सुटतो आणि पडदा मोकाट हलू लागतो. फडफड किंवा टकटक ऐकू आली की त्या क्षणी आवाज कमी करावा. रांगेच्या शेवटी सुमारे 30 हर्ट्झवर लावलेला हाय-पास फिल्टर (त्याखालचे स्वर अडवणारा) कानाला जवळजवळ न जाणवणारा भार काढून टाकतो, म्हणून तो कायम चालू ठेवणे शहाणपणाचे.

सब-हार्मोनिक सिंथेसायझर हे याच कुळातले, पण स्वभावाने वेगळे उपकरण आहे. डीबीएक्स 120ए सारखे रॅकमधले यंत्र आलेल्या ध्वनीच्या खालच्या पट्ट्यातून 24 ते 36 आणि 36 ते 56 हर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत नवा खर्ज तयार करते. वेगळ्या दुसऱ्या आवाजासारखे न वाटता ते मूळ स्वराखाली मिसळून जाते. त्याचा खरा उपयोग सबवूफर असलेल्या ध्वनियंत्रणेवर होतो, आणि तेथे ते ध्वनिसंयोजकाच्या संमतीनेच चालू करावे, कारण सभागृहात खालचे स्वर किती साचतात हे मंचावरून ऐकू येत नाही.

ध्वनिमुद्रण करताना डीआय बॉक्समधून (गिटार थेट ध्वनिमुद्रण यंत्रणेला जोडणाऱ्या डबीतून) पेडलविना कोरा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्यावा आणि पेडलचा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर. दोन्ही एकत्र वाजवून एकाचा फेज (लाटेची दिशा) उलटा करून पाहावा आणि ज्या स्थितीत खालचा भाग अधिक भरीव लागतो ती ठेवावी. खर्जाचा ट्रॅक मध्यभागी, मोनोमध्येच असावा. प्रमाण ठरवताना लॅपटॉपच्या स्पीकरवर विसंबू नये. तेथे 40 हर्ट्झचा स्वर येतच नाही, कान वरच्या हार्मोनिक्सवरून त्याची कल्पना करून घेतो आणि मग नॉब गरजेपेक्षा जास्त वळवला जातो. चांगल्या हेडफोनवर आणि एकदा मोठ्या स्पीकरवर ऐकून मगच मिश्रण पक्के करावे.