बासरी, नोकरी आणि घर शोधणं एकत्र चालू आहे? मग या चुका टाळा

आमच्या रविवारच्या क्लासला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवीन येतं, बासरी घेतं, पलटे (स्वर उलटसुलट क्रमाने वाजवायचा सराव) सुरू होतात, आणि मग एक दिवस तेच वाक्य कानावर येतं, "सध्या घर शोधतोय ना, एकदा शिफ्ट झालो की बसतो नीट रियाजाला." पूर्वी मी समजवायला जायचो, आता नुसती मान हलवतो. कारण हेच वाक्य मी स्वतः बोललोय आणि त्याची किंमत पण मोजलीये.

झालं असं की मालकांचा मुलगा परदेशातून परत येणार होता, दोन महिन्यांत जागा खाली करा म्हणाले. ऑफिस हिंजवडीत, संध्याकाळी सुटलं की वाकड नाहीतर बाणेर, एजंटच्या मागे बाईक, घरी यायला साडेनऊ-दहा. बासरी कपाटावर ठेवली, म्हटलं तात्पुरती. सात आठवडे ती तिथेच. मग घर मिळालं, पण त्यानंतर पॅकर्स, मग वायफाय, मग पडद्यांचे रॉड लावायला येतो म्हणून न येणारा माणूस... "शिफ्ट झालो की" हा दिवस येतच नाही हो. शेवटी एका रात्री काढली आणि सहाही भोकं बंद करून मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, लावायला गेलो तर नुसती हवा. अनामिका जराशी उचललेली राहिली तरी तो पंचम जातो, आणि माझी तर तीन बोटं आपापल्या मर्जीने चालली होती. मंद्र पंचम परत बसायला दीड महिना लागला.

तेव्हापासून माझं ठरलेलं आहे. सकाळी चहा व्हायच्या आधी १५ मिनिटं, तानपुरा लावून. आधी लांब सा, मग सा नि ध प करत खाली उतरायचं आणि पंचमावर थांबायचं. राग नाही, पलटे नाही, काही नाही. ही काही शास्त्रशुद्ध पद्धत वगैरे नाहीये, माझी सवय आहे, पण घर शोधण्याच्या धावपळीत एवढंच टिकतं. आणि रविवारी तीन तास बसून आठवड्याची उधारी फिटत नाही. तासाभरात ओठ थकतात, मग माणूस जोरात फुंकायला लागतो आणि तीच सवय पक्की होते.

आता दुसरी चूक, आणि ही मी फार हुशारी समजून केली. फ्लॅट बघायला जाताना बासरी सोबत न्यायची आणि तिथे वाजवून बघायची! बाणेरला सहाव्या मजल्यावर एक टू बीएचके, पूर्ण रिकामा, खाली टाइल्स, भिंती कोऱ्या. हॉलमध्ये उभा राहून सा लावला आणि काय सांगू, असा सूर माझा आयुष्यात लागला नव्हता. एजंट पण म्हणाला, "वा सर." त्याच संध्याकाळी टोकन दिलं. किचनला ओटा किती आहे, पाणी किती वाजता येतं, काही विचारलं नाही.

सामान लागलं. गाद्या, सोफा, पडदे, कपड्यांनी भरलेलं कपाट. आणि बासरी फुस्स. सुरापेक्षा फुंकेचाच आवाज जास्त. मला वाटलं शिफ्टिंगमध्ये तडा गेला, टॉर्च मारून आतून बघितली, तेल लावलं, वर बांधलेले दोरे तपासले. आठवडाभर असं चाललं. शेवटी सरांकडे नेली, त्यांनी वाजवली, स्वच्छ वाजली. म्हणाले, "बासरीला काही झालेलं नाही, तुझी फुंक आत्ता ऐकू यायला लागलीये." म्हणजे रिकाम्या भिंती माझा आवाज परत परत देत होत्या आणि फुंकेतली घाण झाकून जात होती. बाथरूममध्ये रियाज करणाऱ्यांचं हेच होतं, वर डक्टमधून तुमचे बेसूर नि सगळ्या मजल्यांना फुकट मिळतात ते वेगळंच.

मी आता कपाटाचं दार उघडून, कपड्यांकडे तोंड करून रियाज करतो. बायको हसते. पण तिथे जो सूर बरा लागतो तो कुठेही बरा लागतो.

फ्लॅट बघताना बासरी घरी ठेवा आणि दुसऱ्याच गोष्टी बघा: शेजारच्यांची बेडरूम कुठल्या भिंतीला लागून आहे, लिफ्ट कुठे आहे, बाजूला नाइट शिफ्टवालं किंवा तान्हं बाळ आहे का. आणि मालकांना आधीच सांगा, बासरी वाजवतो म्हणून. ११ महिन्यांचं अॅग्रीमेंट, त्यात लॉक-इन, मग वाद निघाला तर अडकलात. रात्री १० ते सकाळी ६ ही नियमाप्रमाणेच रात्र आहे, आणि पुण्यात दुपारी १ ते ४ कुठे लिहिलेली नसली तरी त्याहून कडक आहे.

बाकीच्या पटकन सांगतो. उन्हात उभ्या गाडीत बासरी ठेवू नका, बांबू तडकतो. थंडीच्या सकाळी बासरी सुराला उतरलेली असते, लगेच जोरात फुंकून तानपुऱ्याला मिळवायला जाऊ नका, भोकं बंद ठेवून दोन मिनिटं हळू फुंका, ऊब आली की चढते. भोकं बोटांच्या टोकांनी नाही, पेराच्या मऊ भागाने बंद करा. हात पुरत नसताना पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची) ३० इंची बेस बासरी घेऊ नका, व्हिडिओत कितीही भारी दिसली तरी. आणि सा स्थिर नसताना सिनेमातली गाणी बसवणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

शिफ्टिंगच्या वेळी बासऱ्या पॅकर्सकडे देऊ नका. मी हार्डवेअरच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसी पाईप कापून घेतला, दोन्हीकडे टोपण, आत जुना टॉवेल. तो खांद्यावर टाकून नव्या सोसायटीच्या गेटवर पोचलो तर वॉचमनने रजिस्टरमध्ये कामाच्या रकान्यात "प्लंबर" लिहिलं. मी सही करून वर गेलो.