जुना पिकअप उभा करताना उमेद खचवणाऱ्या चुका

जुन्या पिकअपची दुरुस्ती अर्धवट सोडलेले मालक सांगतात ती कारणं ठरलेली असतात: वेळ मिळत नाही, भाग मिळत नाहीत, गंज फारच निघाला. मला ती पटत नाहीत. आठवड्यातून एखादी संध्याकाळ काढू शकणाऱ्या माणसांनी गाड्या पुऱ्या केलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि गंजानं चाळण झालेल्या केबिनही रस्त्यावर आलेल्या पाहिल्या आहेत. अडचण आली म्हणून उमेद जात नाही. तीन-चार अडचणी एकदम अंगावर येतील अशी कामाची मांडणी झालेली असते, म्हणून ती जाते.

सगळी गाडी एकदम खोलणं

ही चूक इतक्या ठिकाणी पाहिली आहे की कुणाची गाडी बघायला गेलो तर आधी विचारतो, किती खोललीय? गाडी घरी येते आणि पहिल्याच सुट्टीत नवा मालक पाने घेऊन तुटून पडतो. खोलणं सोपं असतं. हातात सतत काहीतरी सुटून येतं, काम झपाट्यानं पुढे सरकतंय असं वाटतं. बघता बघता केबिन एकीकडे, हौदा दुसरीकडे, फाळका भिंतीला टेकवलेला. जोडायची वेळ येते तेव्हा कुठला बोल्ट कुठं होता हे कुणालाच आठवत नाही.

एका तरुण मित्रानं पन्नासच्या दशकातला पिकअप असाच खोलला. केबिन चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, जिथं बसते तिथं रबरी बुश, म्हणजे धक्का शोषणारे रबराचे ठोकळे, असतात आणि काही ठिकाणी बुशासोबत पत्र्याच्या पातळ चकत्या, म्हणजे शिम. कुठं एक, कुठं तीन, कुठं एकही नाही. केबिन सरळ बसावी आणि दारांच्या फटी सारख्या याव्यात म्हणून त्या घातलेल्या असतात. पठ्ठ्यानं सगळ्या शिम बाकीच्या वॉशरांबरोबर एका डब्यात टाकल्या आणि डब्यावर लिहिलं, ‘सुटे’. चासी घासून रंगवली, नवे बुश घातले, केबिन परत चढवली. उजवं दार बंद करताना मागची कड खाली घासायला लागली आणि वर बोट जाईल एवढी फट राहिली. त्याला वाटलं बिजागऱ्या झिजल्या. नव्या पिना घातल्या, फरक नाही. दुसऱ्या बिजागऱ्या मिळवल्या, तरी नाही. मग ग्राइंडर घेऊन दाराची कडच घासायला घेतली. त्यानंतर त्यानं मला बोलावलं, तेही दार दाखवायला नाही, तर ही गाडी घेणारा कुणी ओळखीचा आहे का ते विचारायला.

मी टॉर्च घेऊन खाली शिरलो. केबिनच्या एकाही बुशापाशी शिम नव्हती. तो डबा मागवला, मागच्या उजव्या कोपऱ्याचा बोल्ट सैल केला, जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून कोपरा किंचित उचलला आणि एक शिम सरकवली. बोल्ट आवळून दार लावलं, तर वरची फट कमी झालेली. आणखी एक घातली आणि दार हातानं ढकलताच कुलपात बसलं. दारात काहीच खोट नव्हती. घासलेली कड मात्र नंतर वेल्डिंगनं भरून काढावी लागली. पोरगं हुशार आहे, हातही चांगला आहे. खोलताना शिमच्या त्या चार-सहा गड्ड्या तारेत ओवून ‘उजवी मागची’, ‘डावी पुढची’ असं लिहिलं असतं, तर गाडी विकायचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नसता.

माझी सवय अशी आहे. एका वेळी एकच काम खोलायचं. ब्रेक खोलले तर ब्रेक पुरे करायचे, तपासायचे, मिटवायचे. मग स्टेअरिंग, मग वायरिंग. भाग काढला की त्याचे बोल्ट त्याच भोकांत हातानं दोन-चार आटे परत फिरवून ठेवायचे. तसं जमत नसेल तर पिशवी करून ती त्याच भागाला बांधायची, वेगळ्या डब्यात टाकायची नाही. फोटो दोन काढायचे, एक लांबून आणि एक जवळून. नुसता जवळचा फोटो सहा महिन्यांनी काहीच सांगत नाही. ‘पूर्ण खोलल्याशिवाय खरं काम होत नाही’ म्हणणारे भेटतात. ज्यांनी आधी एक गाडी पुरी केली आहे आणि ज्यांच्याकडे ती पसरायला जागा आहे, त्यांनी खुशाल तसं करावं. पहिल्या गाडीला हा हट्ट मला मुळीच मान्य नाही. काम पूर्ण झालेला निदान एक भाग कायम डोळ्यांसमोर असला पाहिजे.

चिडलेल्या हातानं गंजलेल्या बोल्टला भिडणं

ही माझी दुसरी चीड. ओळखीच्या एका गृहस्थांचा दिवस कार्बुरेटरशी झटापट करण्यात गेला आणि इंजिन काही चालू झालं नाही. संध्याकाळी, ‘निदान एवढं तरी उरकू’ म्हणून त्यांनी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळीला, हात घातला. ती ज्यांवर नटांनी आवळलेली असते ते स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, वर्षानुवर्षं लाल तापून गार झालेले असतात. तिथं घाई करणं म्हणजे स्टड मोडणं. पान्याला पाइप लावला, जोर दिला, स्टड हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पृष्ठभागालगत तुटला. तिथं थांबले असते तर निभावलं असतं. पण चिडून त्यांनी वाकडंतिकडं भोक पाडून तुटका स्टड काढायचा एक्स्ट्रॅक्टर घातला, आणि तोही आत मोडला. एक्स्ट्रॅक्टरचं पोलाद इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं फिरत राहतं. शेवटी हेड उतरवून वर्कशॉपला पाठवावं लागलं. एका नटापायी गॅस्केट, कूलंट, व्हॉल्व्हचं सेटिंग, सगळं काम वाढलं, आणि त्यांचा धीर तिथंच सुटला.

गंजलेल्या बोल्टला वेळ द्यावा लागतो आणि नवशिक्यांना तोच द्यायचा नसतो. आधी तारेच्या ब्रशनं उघडे आटे साफ करा. आत झिरपणारं तेल आदल्या रात्री मारा, सकाळी पुन्हा मारा, हातोडीनं हलके ठोके द्या. पहिला जोर आवळायच्या दिशेनं, अगदी थोडा. गंजाची पकड तुटली की मग सोडवा. थोडा फिरला की परत आवळा, तेल घाला, पुन्हा सोडवा. नाहीच हलला तर नट गॅसनं तापवा, पण आधी पेट्रोलची नळी आणि टाकी कुठं आहे ते बघा; मारलेलं तेलही पेट घेतं, म्हणून ते पुसून घ्या आणि आग विझवायचं साधन हाताशी ठेवा. स्टड थोडा बाहेर राहून तुटला तर त्यावर नट वेल्ड करणं मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं, कारण वेल्डिंगची उष्णता स्टडच्या आतपर्यंत जाते. एक्स्ट्रॅक्टर अगदी शेवटी, आणि तोही भोक नेमकं मध्यावर पडलं असेल तरच.

दिवस वाईट गेला की त्या दिवशी मी पाना उचलत नाही. ज्यात काही मोडू शकत नाही असलं काम घेतो: आटे साफ करणं, पिशव्यांवर नावं लिहिणं, जमीन झाडणं. या सवयीनं मला कितीतरी स्टड वाचवून दिले आहेत.

आणखी काही, थोडक्यात

क्रोमचं बंपर आणि ग्रिल आधी घेऊ नका. ते कोपऱ्यात पडून राहतात आणि ब्रेकसाठी ठेवलेले पैसे खाऊन टाकतात.

गाडी अमुक दिवशी रस्त्यावर येईल असं कुणालाही सांगू नका. चुकलेल्या तारखेचा ताण गाडीवरच निघतो.

नवा भाग बसून, चालवून पाहिल्याशिवाय जुना फेकू नका. नव्याचं भोक अर्धा सूत इकडेतिकडे निघालं की मोजमापाला तोच जुना लागतो.

गंजावर पुट्टी मारू नका. गंज खालून वाढतच राहतो, रंगाला फोड येतात, आणि पुरं झालेलं काम पुन्हा उघडताना जेवढं मन खचतं तेवढं दुसऱ्या कशानं खचत नाही. केबिनचा तळ किंवा दाराखालची पट्टी कापायची असेल तर आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून ती बांधून घ्या. न बांधता कापलेली केबिन मिटते, आणि मग कुठलंच दार बसत नाही.

बॅटरी जोडण्याआधी गाडीचं साल बघा. फोर्डच्या पिकअपना १९५५ पर्यंत ६ व्होल्ट होते आणि बॅटरीचा प्लस चासीला जोडलेला होता. १९५६ पासून १२ व्होल्ट आले आणि मायनस चासीला गेला. डोळे झाकून १२ व्होल्टची बॅटरी लावणारे मीटर आणि बल्ब जाळून बसतात, आणि वर वायरिंगला शिव्या देतात.

बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारू नका. स्पार्क प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, थांबा, आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, बोल्टवर पाना लावून हातानं फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकीही धुऊन घ्या, नाहीतर साफ केलेला कार्बुरेटर आठवडाभरात पुन्हा तुंबेल.

इंजिन चालू झालं की फेरी मारायचा मोह आवरा, ब्रेक आधी. या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा ब्रेकची एकच लाइन असते; एक नळी फुटली की पेडल जमिनीला टेकतं आणि चारही चाकं मोकळी. पण ब्रेक पुरे झाल्यावर मात्र रंगाची वाट बघू नका. चारही फेंडर वेगवेगळ्या रंगांचे असले तरी गाडी मोकळ्या आवारात चालवा. उरलेल्या कंटाळवाण्या कामांना बळ तिथून मिळतं.

सुट्टी घ्यायची असेल तर

महिनोन्‌महिने गाडीला हात लावावासा वाटत नाही असे दिवस सगळ्यांवर येतात. बिनधास्त थांबा, पण गाडी तशीच टाकून जाऊ नका. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर मारा. साधा प्रायमर ओल धरतो आणि त्याच्याखाली गंज चढतो. ब्रेकच्या नळ्यांची उघडी तोंडं, कार्बुरेटरचं तोंड बंद करा, प्लग जागेवर परत लावा, बॅटरीची वायर काढा. चाकं काढलेली असतील तर गाडी जॅकवर नको, स्टँडवर ठेवा. आणि स्टेअरिंगला एक कागद बांधा: पुढचं काम कोणतं, त्याला कुठला पाना लागतो, त्याचे बोल्ट कुठं आहेत. ‘मागचे ब्रेक करायचे’ असं मोघम लिहू नका. ‘मागचा डावा ड्रम काढायचा, आधी अ‍ॅडजस्टर सैल करायचा, नवे शू मागच्या फळीवर’ इतकं नेमकं लिहा.