मांजराला मधुमेह निघाला? पहिल्या महिन्यात या चुका टाळा

मांजर सारखं पाण्याच्या वाटीपाशी दिसतं, ट्रेमधले लघवीचे गोळे मुठीएवढे होतात, खाणं दणकून चालू असतं आणि तरी पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात. मग तपासणी होते आणि आपण इन्सुलिनची बाटली आणि सिरिंजचं पाकीट घेऊन घरी येतो. आमच्या मनीच्या वेळी मला धास्ती होती ती सुई टोचण्याची. ते काम तिसऱ्या दिवशी जमलं. चुका झाल्या त्या भलतीकडेच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एखाद्या वेळी इन्सुलिन कमी पडलं तर त्या दिवशी साखर चढी राहते, एवढंच. जास्त झालं तर साखर इतकी उतरू शकते की मांजराला काही तासांतच झटके येऊ लागतात. पुढचं सगळं या फरकावर उभं आहे.

बाटली एका मापाची, सिरिंज दुसऱ्या

सगळ्यात घातक चूक हीच. यू-४० इन्सुलिनमध्ये एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, यू-१०० मध्ये १००. प्राण्यांसाठी बनवलेली प्रोझिंक आणि कॅनइन्सुलिन ही यू-४० आहेत. माणसांचं ग्लार्जिन मांजरांनाही सर्रास देतात, ते सहसा यू-१०० असतं (यू-३०० सुद्धा मिळतं, म्हणून नुसतं नाव वाचून भागत नाही). सिरिंजवरच्या खुणाही त्या त्या मापाच्या असतात. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये 'एक'च्या खुणेपर्यंत ओढलं, तर मांजराच्या अंगात अडीच युनिट जातात. उलटी गल्लत झाली तर एकाऐवजी ०.४ युनिट. मांजराचा सुरुवातीचा डोस बहुधा १ युनिटच्या आसपास असतो, तेव्हा अडीचपट म्हणजे काय ते लक्षात येईल.

यू-४० ची टोपी लाल आणि यू-१०० ची नारिंगी असा प्रघात आहे. पण पहाटेच्या अर्धवट उजेडात दोन्ही रंग सारखेच दिसतात. नळीवर छापलेलं वाचा, आणि नवं पाकीट फोडताना बाटली शेजारी धरून ताडून बघा. यू-१०० वापरत असाल तर ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज घ्या. नेहमीचं इन्सुलिन मिळालं नाही म्हणून दुसरं कुठलं तरी आणून तेवढेच युनिट देऊ नका. प्रत्येकाचा अंमल किती वेळात चढतो आणि किती वेळ टिकतो, हे वेगळं असतं.

"बाटली संपत आली की आणू"

बाटली संपतच नाही! यू-१०० ची १० मिलीची बाटली म्हणजे १००० युनिट, आणि मांजराला दिवसाला लागतात दोन-चार. औषध अर्ध्यावर असतानाच मुदत उलटते आणि बाहेरून काहीच कळत नाही. बाटली उघडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा, आणि उघडल्यावर ती किती दिवस चालते हे सोबतच्या कागदावर बघा. डोस तोच असून मांजर पुन्हा ढसाढसा पाणी प्यायला लागलं, तर आधी बाटलीवर संशय घ्या. संपतात त्या सिरिंज: दिवसाला दोन, महिन्याला साठ. एकदा वापरलेली सुई बोथट होते, तीच पुन्हा टोचू नका.

बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची. दारात नको आणि मागच्या गार भिंतीला चिकटूनही नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी टाकून द्या. ग्लार्जिन पाण्यासारखं नितळ हवं, गढूळ झालं की ते बाद. प्रोझिंक मुळातच दुधट असतं, ते भरण्याआधी तळहातांत हळुवार फिरवायचं. कॅनइन्सुलिनची सूचना निराळी आहे, तिथे नीट हलवायला सांगितलेलं असतं. म्हणून ऐकीव नियम सगळ्या बाटल्यांना लावू नका.

अर्धं कातडीखाली, अर्धं केसांत

हे माझ्याकडून घडलं. मनी वाटीत तोंड घालून खात होती, मी कातडीची चिमट धरली, सुई घातली, दट्ट्या दाबला आणि बोटं ओली झाली. सुई चिमटीच्या पार जाऊन पलीकडच्या केसांत निघाली होती. बोटांना इन्सुलिनचा तो दवाखान्यासारखा वास. किती आत गेलं आणि किती बाहेर, काही कळेना. हात पुन्हा बाटलीकडे गेला होता, पण डॉक्टरांचं सांगणं आठवलं: शंका आली तर दुसऱ्यांदा टोचायचं नाही, पुढची वेळ बारा तासांनी. तसंच राहिलेला डोस पुढच्या डोसात मिसळून दुप्पट कधीच करायचा नाही.

गोड बंद केलं की झालं?

मांजराला गोड चव कळतच नाही. त्यामुळे माणसांच्या पथ्याची पट्टी इथे लावण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे पिष्टाचा. कोरडं खाणं दाण्यांच्या आकारात बांधायला पिष्ट लागतंच, म्हणून डब्यातलं ओलं खाणं सहसा बरं पडतं. मात्र दाट रस्सेवाल्या प्रकारांत पिष्ट असू शकतं, लगद्यासारखं घ्यावं. कर्बोदकांतून येणारी ऊर्जा साधारण १० ते १२ टक्क्यांच्या आत आणि प्रथिनं भरपूर, हे धोरण.

आता यातली खरी चूक. हे वाचून उत्साहाच्या भरात उद्यापासून कोरडं खाणं बंद आणि इन्सुलिन तेवढंच! पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरजही उतरते, कधी झपाट्याने. काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंसुद्धा. म्हणून बदल आठ-दहा दिवसांत, डॉक्टरांना आधी सांगून आणि साखर मोजत करा. आणि नवं खाणं आवडत नाही म्हणून "भूक लागली की खाईल" असा हट्ट धरू नका. लठ्ठ मांजर एक-दोन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साचण्याचा धोका असतो. मांजराने खाण्याकडे पाठ फिरवली असेल तर सवयीने सुई टोचू नका, आधी फोन करा. सोबत उलट्या आणि मरगळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, तिथे कीटोन (साखर वापरता न आल्याने शरीर चरबी जाळतं, तेव्हा तयार होणारी घातक द्रव्यं) तपासतील.

आकड्यामागे धावणं

दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या ताणानेच चढते, म्हणून घरी कानाच्या कडेला टोचून घेतलेला आकडा जास्त कामाचा. माणसांचं ग्लुकोमीटर मांजरात बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं, तेव्हा मीटर अधूनमधून बदलू नका आणि कोणतं वापरता ते डॉक्टरांना सांगा. एक आकडा मोठा आला म्हणून डोस वाढवायचा नाही. नव्या डोसाचा परिणाम स्थिरावायला पाच-सात दिवस लागतात.

साखर ६० मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली गेली, किंवा मांजर लटपटतंय, थरथरतंय, अचानक वखवखल्यासारखं करतंय, तर लगेच खायला द्या. खात नसेल तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि दवाखान्याकडे निघा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काही ओतू नका.

आणि एक अगदी साधी गोष्ट. घरात दोन माणसं असली की "तू दिलंस का?" हा गोंधळ ठरलेला. आमच्या फ्रिजवर कागद चिकटवलाय, टोचणाऱ्याने सुईला टोपण लावायच्या आधी खूण करायची. खूण नाही आणि कुणाला नक्की आठवतही नाही, तर ती वेळ सोडून द्यायची.