एका अँपवर (अँप्लिफायरवर) चार-सहा स्पीकर जोडायचेत? आधी ओहमचा हिशोब करा (घर आणि गाडी दोन्हीसाठी)

मागच्या गौरी-गणपतीत तासगावच्या आत्येभावाचा फोन आला, दादा घरातल्या अँपला चार स्पीकर लावायचेत कसे जोडू. मी गडबडीत होतो, म्हटलं सगळ्या प्लस एकत्र कर सगळ्या मायनस एकत्र कर, झालं. त्यानं तसंच केलं. जुन्या गाड्यांतून काढलेले ४ ओहमचे चार स्पीकर, चांगले प्लायच्या बॉक्समधी बसवलेले, आणि चारही डाव्या चॅनेलवर (अँपच्या डाव्या बाजूच्या आउटपुटवर), कारण उजव्या चॅनेलचा टर्मिनल ढिला होता. तासभर मस्त वाजलं आणि ऐन आरतीच्या वेळी जळका वास येऊन अँप गप्प. आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेले होते. चूक पूर्ण माझी होती, स्पीकर किती ओहमचे आहेत एवढं एक मी विचारलं असतं तर वाचलं असतं. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

लोक विचारतात एका अँपवर किती स्पीकर चालतील. अँपला स्पीकर मोजता येत नाहीत, त्याला फक्त एकच गोष्ट कळते की समोर एकूण किती ओहम आहेत. अँपच्या मागं टर्मिनलजवळ छापलेलं असतं, ४-८ ओहम किंवा ६-१६ ओहम असं. त्यातला छोटा आकडा महत्त्वाचा. एका चॅनेलवर एकूण ओहम त्याच्या खाली गेला की अँप गरजेपेक्षा जास्त करंट द्यायला लागतो, तापतो आणि नशीब चांगलं असेल तर प्रोटेक्शनला जातो (स्वतःच बंद पडतो), नाहीतर आमच्यासारखं होतं. जास्त ओहम झाला तर काही बिघडत नाही, फक्त वॅट कमी निघतात.

शेतकरी माणसाला हे लगेच कळतं बघा. विहिरीवरच्या मोनोब्लॉकचा डिलिव्हरी पाइप मोटरजवळच निसटला की पाणी मोकळं सुटतं आणि अँपिअरचा काटा वर जातो, कारण मोटरवर अडवणारं काही राहिलेलं नसतं. स्पीकरचा ओहम म्हणजे ती अडवणूक. कमी अडवणूक म्हणजे जास्त करंट आणि मोटर काय अँप काय, दोघंही करंटनंच जळतात.

आता स्पीकर किती ओहमचा हे कसं ओळखायचं. मागं चुंबकावर छापलेलं असतं, घरचे बरेचसे ८ किंवा ६ आणि गाडीचे बहुतेक ४. स्टिकर निघून गेला असेल तर अँपपासून दोन्ही वायरी सोडवा आणि साधा मल्टीमीटर २०० ओहमवर लावून बघा. मीटर छापील आकड्यापेक्षा थोडा कमी दाखवतो, ८ चा स्पीकर ६ ते ७ दाखवेल आणि ४ चा ३.२ ते ३.७ च्या आसपास. यात स्पीकर खराब नाही, मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो आणि छापलेला आकडा चालू आवाजातला असतो म्हणून फरक पडतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय. अगदी शून्याजवळ असेल तर शॉर्ट आहे, तो स्पीकर अँपला लावूच नका.

जोडायच्या पद्धती दोनच आहेत. पॅरलल म्हणजे सगळ्या प्लस एकत्र, सगळ्या मायनस एकत्र. सारख्या ओहमचे स्पीकर असतील तर ओहमला नगानं भागायचं. ८ चे दोन म्हणजे ४, ८ चे चार म्हणजे २, आणि ४ चे चार म्हणजे १, हाच तो १ ओहम ज्यानं तासगावचा अँप गेला. ओहम वेगवेगळे असतील तर दोघांचा गुणाकार भागिले दोघांची बेरीज. ८ आणि ४ चं उत्तर ३२ भागिले १२, म्हणजे २.६७. शिवाय अशा जोडीत ४ वाल्याला ८ वाल्याच्या दुप्पट वॅट मिळतात, त्यामुळं एक जोरात आणि एक हळू वाजतो, शक्यतो टाळाच.

सिरीज म्हणजे अँपचा प्लस पहिल्या स्पीकरच्या प्लसला, पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, आणि दुसऱ्याचा मायनस अँपच्या मायनसला. इथं सरळ बेरीज, ४ आणि ४ म्हणजे ८. सिरीजमधी एक वायर सुटली की दोन्ही बंद पडतात, आणि वेगवेगळ्या मॉडेलचे स्पीकर सिरीजला लावले की आवाज विचित्र येतो, कारण प्रत्येकाचा ओहम आवाजाच्या पट्टीप्रमाणं बदलत असतो आणि त्यामुळं एकाचं वागणं दुसऱ्यावर लादलं जातं. अगदी सारखे, एकाच जोडीतले असतील तरच सिरीज लावा असं माझं मत आहे. अँप परवानगी देत असेल तर मी पॅरललच लावतो.

चार सारखे स्पीकर एकाच चॅनेलवर लावायचेच असतील तर दोन दोन सिरीजला करायचे आणि त्या दोन जोड्या पॅरललला. गंमत अशी की मूळ ओहमच परत मिळतो, ८ चे चार लावले तर ८ आणि ४ चे चार लावले तर ४.

आत्येभावाकडं दुरुस्तीनंतर आम्ही ढिला टर्मिनल आधी नीट करून घेतला आणि वेगळं जोडलं. हॉलमधला डावा स्पीकर आणि स्वयंपाकघरातला एक असे दोन सिरीजला डाव्या चॅनेलवर, हॉलमधला उजवा आणि अंगणातला एक सिरीजला उजव्या चॅनेलवर. दोन्हीकडं ८-८ ओहम, अँप निवांत. ४ ऐवजी ८ वर वॅट साधारण निम्मे होतात हे खरं, पण निम्मे वॅट म्हणजे निम्मा आवाज नव्हे, फक्त ३ डेसिबलचा फरक पडतो, कानाला थोडाच जाणवतो. अडचण एकच राहिली, स्वयंपाकघरात फक्त डावं चॅनेल म्हणजे गाण्यातली निम्मी वाद्यं गायब. त्यासाठी फोनच्या सेटिंगमधी अॅक्सेसिबिलिटीत जाऊन मोनो ऑडिओ चालू करायचा, अँड्रॉइड आयफोन दोन्हीत असतं, मग दोन्ही चॅनेलवर पूर्ण गाणं येतं.

आणि हे मोनो करायला म्हणून अँपचे डावा प्लस आणि उजवा प्लस एकमेकाला जोडू नका. लई जणं करतात. दोन चॅनेलचे आउटपुट एकमेकावर ढकलाढकली करतात आणि दोन्ही जातात. मोनो करायचं तर इनपुटच्या बाजूला किंवा फोनमधी, आउटपुटला कधीच नाही.

दुसरी तशीच चूक म्हणजे वायर वाचवायला दोन्ही स्पीकरचे मायनस एकच करणं. जुन्या साध्या अँपमधी मायनस म्हणजे ग्राउंड असायचा त्यामुळं चालून जायचं. आताचे बाजारात मिळणारे ब्लूटूथवाले छोटे डिजिटल बोर्ड आणि गाडीचे जवळजवळ सगळे स्टिरिओ ब्रिज आउटपुटचे असतात, तिथं प्लस आणि मायनस दोन्ही वायरीवर सिग्नल असतो. त्यातला मायनस दुसऱ्या मायनसला किंवा गाडीच्या बॉडीला लागला की आयसी (अँपची चिप) संपला. प्रत्येक स्पीकरला स्वतःच्या दोन वायरी न्या.

ट्विटरबद्दल (बारीक, वरच्या आवाजाचा छोटा स्पीकर) लोक घाबरतात की वूफर (खालच्या आवाजाचा मोठा स्पीकर) ८ चा, ट्विटर ८ चा, पॅरललला ४ झाला का. ट्विटरला कॅपॅसिटर लावलेला असेल तर नाही. ८ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कॅपॅसिटर सिरीजला लावला की साधारण ४२०० हर्ट्झच्या खालचं त्याच्याकडं कमी कमी होत जातं, आणि वूफरची कॉइल वरच्या पट्टीत स्वतःच जास्त अडवते. दोघं आपापल्या भागात काम करतात म्हणून अँपला तो एकच स्पीकर वाटतो. कॅपॅसिटरशिवाय ट्विटर लावला तर मात्र आधी ट्विटर जळणार.

वायर कुठली घ्यायची. घरात १० मीटरपर्यंत १ एमएमची (म्हणजे १ चौरस मिमीची) तांब्याची पुरते, त्याच्यापुढं माडीवर किंवा परसात न्यायची असेल तर दीड किंवा अडीच. १ एमएम तांब्याचा १० मीटर लांब जोड, म्हणजे जाऊन येऊन २० मीटर, साधारण ०.३५ ओहम खातो, ८ च्या स्पीकरला ते चालतं पण ४ च्या स्पीकरला जाणवायला लागतं. स्वस्त वायर कापून बघा, आतून पांढरट दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम आहे, ती घ्यायची तर एक साइज जाड घ्या. जोड पिळून नुसती टेप गुंडाळू नका, डाग द्या (सोल्डर करा) आणि स्लीव्ह घाला. सुटलेली एक बारीक तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी शॉर्ट होतो.

आता फेज, म्हणजे प्लस-मायनस उलटं न होणं. दोन स्पीकरमधला एक उलटा जोडला तर एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो, खालचा बेस एकमेकाला खाऊन टाकतो. खुणा नसतील तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर स्पीकरला टेकवायचा, पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस जिथं टेकलाय तो स्पीकरचा प्लस. ट्विटरवर ही युक्ती करू नका.

सगळं जोडून झाल्यावर मी कानानं तपासतो, आणि त्यासाठी तानपुऱ्याइतकं चांगलं काही नाही. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मधी जीआय मानांकन मिळालं, त्या आमच्या गावच्या वाद्याचा हा एक उपयोग मला फार आवडतो. फोनवर मोनो करून तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावायचं आणि दोन स्पीकरच्या बरोबर मधी उभं राहायचं. फेज बरोबर असेल तर खर्जाची तार भरीव येते आणि समोर मधोमध ऐकू येते. एक स्पीकर उलटा असेल तर खर्ज पातळ होतो, वरची झणझण तेवढी राहते आणि आवाज नक्की कुठून येतोय ते कळत नाही. शंका आली तर एकाच स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल करून परत ऐका, फरक लगेच कळेल.

गाडीत. कंपनीच्या कप्लरच्या (स्टिरिओच्या मागं बसणाऱ्या वायरींच्या प्लगच्या) वायरींचे रंग गाडीगणिक वेगळे असतात, पण बाहेरून घेतलेल्या स्टिरिओच्या कप्लरला बहुतेक ठिकाणी पांढरा म्हणजे पुढचा डावा, करडा पुढचा उजवा, हिरवा मागचा डावा, जांभळा मागचा उजवा, आणि ज्या वायरीवर काळी रेघ ती त्या स्पीकरची मायनस. चार चॅनेल, प्रत्येकावर ४ ओहमचा एक स्पीकर, इथंच थांबायचं. मागं अजून दोन स्पीकर पॅरललला लावले की त्या चॅनेलवर २ ओहम होतात आणि बहुतेक स्टिरिओला ते झेपत नाही. खोक्यावर ५० वॅट गुणिले ४ लिहिलेलं असलं तरी सतत मिळणारे खरे वॅट प्रत्येकी २० च्या आसपासच असतात, त्यामुळं जास्त स्पीकर हवे असतील तर वेगळा चार चॅनेलचा अँप घ्या.

अँप लावताना बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तो अँपसाठी नाही, बोनेटमधी वायर घासून बॉडीला लागली तर गाडीला आग लागू नये म्हणून आहे. खरे ४०० वॅट काढणारा साधा क्लास एबीचा अँप बॅटरीतून पूर्ण आवाजात ४०-५० अँपिअर ओढू शकतो, वायर तेवढी जाड घ्या आणि पत्र्यातून जाते तिथं रबराचं ग्रोमेट घाला. ग्राउंड जवळच्या पत्र्यावर, रंग खरवडून.

सबवूफर (फक्त खालच्या बेसचा स्पीकर) ब्रिजवर, म्हणजे अँपनं दिलेल्या सोयीप्रमाणं दोन चॅनेल मिळून एकाच स्पीकरवर, लावताना अजून एक लक्षात ठेवा. ब्रिज केला की प्रत्येक चॅनेलला निम्माच ओहम दिसतो, म्हणून बहुतेक अँपवर ब्रिजला कमीत कमी ४ ओहम असं लिहिलेलं असतं. ४ ओहमचे दोन सब पॅरललला लावून ब्रिज करू नका. दोन कॉइलवाला सब घेताना आधीच ठरवा, २+२ वाला सिरीज करून बरोबर ४ होतो, ४+४ वाला २ तरी होतो नाहीतर ८.

घर असो गाडी असो, चालू करायच्या आधी जोडलेल्या सगळ्या वायरी अँपच्या टोकाला, अँपला न लावता, मीटरनं मोजा. हिशोब ४ चा आला असेल तर मीटरवर ३ च्या वर काहीतरी दिसलं पाहिजे, १ किंवा दीड दिसला तर परत उलगडा. मग अँप बंद असतानाच टर्मिनलला जोडा, आवाज शून्यावर ठेवून चालू करा, हळूहळू वाढवा, आणि अर्ध्या तासानं हीट सिंकवर (अँपच्या उष्णता सोडणाऱ्या पट्ट्यांवर) हात ठेवून बघा. कोमट चालतं, हात ठेवता येत नसेल तर बंद करा.

देवळाचे आणि शाळेचे भोंगे हा वेगळा प्रकार आहे, कारण तिथं १०० व्होल्टची लाइन असते. प्रत्येक भोंग्याला ट्रान्सफॉर्मर असतो आणि ओहमऐवजी वॅटची बेरीज करायची, १० वॅटच्या टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या १० वॅटच्या जोडणीवर) सहा भोंगे म्हणजे ६० वॅट, ते अँपच्या वॅटपेक्षा थोडं कमी ठेवायचं. त्या लाइनवर घरातला साधा ८ ओहमचा स्पीकर ट्रान्सफॉर्मरशिवाय चुकूनही जोडू नका.