सफेद मुसळी : लागवडीपूर्वी जागेची पारख

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की सफेद मुसळी या औषधी कंदवनस्पतीचे जमिनीतले कंद आपोआप फुटू लागतात. म्हणून नागपूर जिल्ह्यात ज्यांना यंदा मुसळी लावायची आहे, त्यांनी जागेची निवड रोहिणी नक्षत्रातच उरकावी. जागा चुकली तर पुढे खते आणि औषधांवर कितीही खर्च केला तरी ती चूक भरून निघत नाही.

मुसळी ही मूळची जंगलातली वनस्पती आहे. पानझडी सागवनात ती सपाटीपेक्षा हलक्या उतारावर अधिक आढळते, कारण तिथे पालापाचोळा कुजून वरचा थर भुसभुशीत झालेला असतो आणि पावसाचे पाणी न थांबता निघून जाते. सागाला नवी पालवी फुटण्याच्या सुमारासच मुसळीची पाने वर येतात. त्यामुळे कोवळ्या रोपाला आरंभी पुरेसा उजेड आणि पुढे विरळ सावली मिळते. सप्टेंबरअखेरीपासून पाने पिवळी पडून गळतात आणि पारा ४५ अंशांवर जातो त्या उन्हाळ्यात ही वनस्पती जमिनीखाली सुप्तावस्थेत असते. म्हणजे आपल्याकडचे ऊन तिला फारसे बाधत नाही, बाधते ते जुलै-ऑगस्टमध्ये मुळाशी साचलेले पाणी.

इथेच आपल्या जिल्ह्याची अडचण आहे. नागपूर शहराच्या पश्चिमेस, काटोल-कळमेश्वरकडे, काळ्या बेसॉल्ट खडकापासून बनलेली जमीन आहे, तर पूर्वेकडे जुन्या स्फटिकमय खडकांचा प्रदेश लागतो. भारी काळी माती पावसात फुगते, चिकट होते आणि हवा कोंडते. अशा जमिनीत मुसळीचे कंद सडतात. पूर्वेकडील भाताच्या बांध्या पाणी धरून ठेवण्यासाठीच बांधलेल्या असल्याने त्याही या पिकाच्या कामाच्या नाहीत. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, कमी प्रतीची म्हणून सोडून दिलेली, किंचित उताराची, वाळूमिश्रित बरड जमीन मात्र भरपूर शेणखत घातल्यास मुसळीला मानवते. एकाच शेतात धुऱ्याजवळची, म्हणजे बांधाजवळची, आणि मधली माती वेगळी असू शकते, म्हणून केवळ मृदा नकाशावर किंवा शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये.

पारख करण्याची रीत सोपी आहे. शेतात तीन-चार ठिकाणी हातभर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा. पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या भरणीचे पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही उभे दिसले, तर ती जागा सोडून द्यावी. मध्यम जमिनीत फूटभर उंचीचे गादीवाफे करून मधल्या सऱ्यांमधून पाणी शेताबाहेर काढता येते, परंतु भारी काळ्या जमिनीत गादीवाफ्यांच्या भरवशावर हे पीक घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संत्र्याच्या बागेत आंतरपीक म्हणून मुसळी घ्यावी का, असे पुष्कळजण विचारतात. सावली मिळते हे खरे. पण काढणीच्या वेळी वाफे खोल खणावे लागतात आणि त्यात संत्र्याची वरच्या थरातली तंतुमुळे तुटतात. त्यापेक्षा वाफ्यांच्या कडेने विरळ तूर लावणे बरे.

लागवडीचे कंद घेताना त्यांना वरच्या चकतीचा, म्हणजे डोळ्याचा, भाग चिकटलेला आहे का ते पाहावे, कारण त्यावाचून कंद फुटत नाही. दोन ओळींत ३० सेंटिमीटर आणि दोन कंदांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. शेणखत पूर्ण कुजलेले असावे. कच्च्या खताबरोबर हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, येते. कंद विकणाऱ्यानेच माल परत विकत घेण्याची हमी दिली असेल, तर लेखी करार वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जंगलातून आणलेले कंद लावण्याचा मोह टाळावा. मुसळीच्या नावाखाली तिच्या भाऊबंद जातीही मिळतात. खऱ्या सफेद मुसळीचे मांसल कंद खोडाच्या चकतीलाच झुपक्याने लागलेले असतात, तर दुसऱ्या एका जातीत ते बारीक मुळांच्या टोकाशी लोंबतात. खरेदीपूर्वी एक रोप उपटून एवढे तपासावे.

पाने गळाल्यावर लगेच काढणी करू नये. कंदांची साल फिकट असेपर्यंत ते जमिनीतच राहू द्यावेत आणि गडद तपकिरी झाल्यावर, साधारणतः नोव्हेंबर-डिसेंबरात, हलके पाणी देऊन खणावेत.