लग्नपत्रिका: यादीपासून टपालपेटीपर्यंत

लग्नपत्रिकेचा कागद आणि रंग निवडण्यात घरातल्यांचे दोन-तीन रविवार सहज जातात आणि पत्ते मात्र अगदी शेवटी घाईघाईने गोळा केले जातात. हा क्रम उलटा करावा. यादी पक्की झाल्याशिवाय छापखान्याची पायरी चढू नये, कारण किती पत्रिका छापायच्या, त्यांतल्या किती टपालाने जायच्या आणि किती परदेशी जायच्या, हे यादीच सांगते.

यादी माणसांची न करता घरांची करावी. 240 पाहुणे म्हणजे 240 पत्रिका नव्हेत. एका घरात एकच पत्रिका जाते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा बहुधा निम्म्याच्या आसपास येतो. मात्र वेगळा संसार थाटलेल्या मुलामुलींना त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर स्वतंत्र पत्रिका पाठवावी. तक्त्यात प्रत्येक घराला क्रमांक द्यावा आणि पूर्ण नावे, पत्ता, दूरध्वनी, पत्रिका पाठवल्याची तारीख व आलेले उत्तर यांसाठी रकाने ठेवावेत. पत्ता जुन्या वहीतून उतरवून न घेता एकदा विचारून घ्यावा, कारण माणसे घरे बदलतात आणि वही तशीच राहते. ऐनवेळी आठवणारी नावे, खराब होणाऱ्या प्रती आणि आठवण म्हणून ठेवायच्या चार-दोन पत्रिका धरून दहा ते पंधरा टक्के जास्त छापून घ्याव्यात. पुन्हा छापायची वेळ आली, तर थोड्याशा प्रतींसाठीही यंत्राची सगळी मांडणी नव्याने करावी लागते. पाकिटे त्याहूनही थोडी अधिक घ्यावीत, कारण पत्ता लिहिताना चुका होतातच.

आता तारखा. लग्नाच्या दिवसापासून मागे मोजत यावे. पत्रिका लग्नाआधी सहा ते आठ आठवडे आणि परदेशी जाणाऱ्या दहा ते बारा आठवडे अगोदर टपालात पडल्या पाहिजेत. उत्तराची मुदत लग्नाच्या तीन-चार आठवडे आधीची असावी.

मजकुरात वधूवरांची नावे, निमंत्रकांची नावे, वार, तारीख, वेळ, स्थळाचा पूर्ण पत्ता आणि उत्तर कोणाला, कधीपर्यंत कळवायचे एवढे असले की पुरे. वार आणि तारीख यांचा मेळ दिनदर्शिका समोर ठेवूनच तपासावा. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त चुका याच जागी होतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला तारीख पाठ झालेली असते. म्हणून प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची नमुना प्रत, अशा माणसाला द्यावे, ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही. नुसते ‘12 वाजता’ न लिहिता ‘दुपारी 12 वाजता’ असे लिहावे. स्थळाच्या नकाशासाठी क्यूआर कोड छापणार असाल, तर तो पडद्यावर न तपासता छापील प्रुफावर फोन धरून तपासावा.

आकार ठरवताना पाकिटाचा विचार आधी करावा. ए5 आकाराचा कागद मधोमध दुमडला की 105 × 148 मिलिमीटरची ए6 घडी होते आणि ती 114 × 162 मिलिमीटरच्या सी6 पाकिटात व्यवस्थित बसते. जाड कागद थेट दुमडला तर घडीवर तडकतो. त्यावर आधी क्रीजिंग करून, म्हणजे घडीच्या जागी दाबून रेघ पाडून घ्यावी. वजनाचा हिशेबही कागदावर मांडता येतो. 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) ए5 कागद साधारण 9 ग्रॅम भरतो, पाकीट 4 ग्रॅम, उत्तराचे छोटे कार्ड आणि त्याचे पाकीट मिळून आणखी 4 ग्रॅम. म्हणजे बेरीज 17 ग्रॅमपर्यंत गेली. अनेक देशांत टपाल हशिलाचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा असतो, म्हणून एक रेशमी फीत किंवा नकाशाचा वेगळा कागद वाढवला की सगळा गठ्ठा पुढच्या दरात जाऊ शकतो. त्यासाठी छपाईची मागणी नोंदवण्याआधी त्याच कागदांचा एक नमुना पूर्ण भरून टपाल कार्यालयात वजन करून घ्यावा. चौरस पाकीट, लाखेची मोहोर, मधेच फुगलेली गाठ या गोष्टी दिसायला सुरेख असल्या, तरी छाननीच्या यंत्रात अडकतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यांना जादा आकार पडतो. मोहोर हवीच असेल, तर ती आतल्या पाकिटावर लावावी.

पत्ता गडद शाईने फिकट पाकिटावर लिहावा. गडद पाकीट आणि चंदेरी शाई यांचा मोह होतो, पण यंत्राला ती अक्षरे नीट वाचता येत नाहीत. अशा पाकिटावर पांढरी पट्टी चिकटवून काळ्या अक्षरांत पत्ता घालावा. परदेशी पत्रिकेवर देशाचे नाव शेवटच्या ओळीत येते, आणि रोमन लिपीत लिहिताना ते मोठ्या अक्षरांत लिहावे. पाठवणाऱ्याचा पत्ता कधीही गाळू नये.

उत्तराच्या कार्डामागे पेन्सिलीने बारीक अक्षरांत यादीतला क्रमांक घालावा. आमच्याकडच्या लग्नात एक कार्ड ‘आम्ही दोघे आनंदाने येऊ’ एवढ्याच मजकुराचे आले होते, खाली नाव नव्हते. मागचा 63 पाहून ते कोणाचे ते समजले. परत येणाऱ्या पाकिटावर आपणच तिकीट लावून ठेवावे, परंतु आपल्या देशाचे तिकीट दुसऱ्या देशात चालत नाही, तेव्हा परदेशस्थांकडून ईमेलनेच उत्तर मागवावे.

पाकिटे भरताना छापील बाजू उघडणाऱ्याकडे येईल अशी ठेवावी आणि डिंक जिभेने न भिजवता ओल्या स्पंजने भिजवावा. मुदत उलटून तीन-चार दिवस झाले, की उत्तर न आलेल्यांना सरळ फोन करावा. एखादी पत्रिका पत्ता न सापडल्याने परत आली, तर तेच पाकीट पत्ता खोडून पुन्हा टाकू नये; त्यावर यंत्राने उमटवलेल्या जुन्या खुणांमुळे ते पुन्हा जुन्याच ठिकाणी वळण्याची शक्यता असते. पत्ता फोनवर विचारून यादीत दुरुस्त करावा आणि पत्रिका नव्या पाकिटात घालून नव्या तिकिटासह पाठवावी.